बाळाला दिलेले सर्फॅक्टंट मोठ्या माणसाला का दिले नाही? श्वसनत्रास संलक्षणाविषयी एक शंका

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकमध्ये माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध रुग्णाची नातेवाईक एवढाच आहे, त्यामुळे शब्द चुकले तर सांभाळून घ्यावे.

मागील वर्षी माझ्या भाचीला एकतिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या आणि १४०० ग्रॅम वजनाचा मुलगा झाला. जन्मल्यापासून श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती आणि श्वास सोडताना तो बारीक आवाजात कण्हत होता. डॉक्टरांनी त्याला काचेच्या पेटीत ठेवले, श्वासनलिकेत बारीक नळी घालून दुधासारखे पांढरे औषध सोडले, आणि काही तासांतच त्याला लागणारा ऑक्सिजन निम्म्यावर आला. आज तो भिंतीला धरून चालतो.

यंदाच्या पावसाळ्यात सिन्नरला राहणाऱ्या माझ्या चुलत सासऱ्यांना न्यूमोनिया झाला. वय ५८, अंगाने थोराड, एरवी कधी आजारी न पडलेले. तिसऱ्या दिवशी ते व्हेंटिलेटरवर गेले आणि अकराव्या दिवशी वारले. दोघांच्या कागदांवरचे निदान जवळजवळ एकच होते: बाळाच्या कागदावर 'आरडीएस' (श्वसनत्रास संलक्षण), सासऱ्यांच्या कागदावर 'एआरडीएस'. बाळाला दिलेले औषध यांना का देत नाही, असे मी तेथील डॉक्टरांना विचारले. मोठ्यांना त्याचा उपयोग होत नाही, एवढे सांगून ते पुढच्या खाटेकडे गेले. त्या रात्री विभाग भरलेला होता, त्यामुळे त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण ते वाक्य मनातून जात नाही. नाव एक असताना औषध एक का नाही? कोणी प्रयत्न करून पाहिला आहे का, की महाग आहे म्हणून कोणी पाहतच नाही?

आमच्या आजेसासूबाई अजूनही म्हणतात की सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही. त्यालाही काही आधार आहे का, हे जाता जाता कोणी सांगितले तर बरे होईल.

वायुकोश

गोदाकाठ ताई, मी नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात काम करतो. तुमच्या प्रश्नाच्या बाळाकडील बाजूचे उत्तर देतो. मोठ्यांकडील बाजू त्या विभागातील कोणी लिहिलेली बरी.

आजेसासूबाईंच्या म्हणण्याला आधार नाही. गर्भाशयात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा फुप्फुसांच्या पथ्यावर पडतो, आणि आठव्या महिन्यातल्या बाळाची शक्यता सातव्या महिन्यातल्या बाळापेक्षा चांगलीच असते. याचे कारण वायुकोशांच्या आतील बाजूला पसरणारा सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध थर हे आहे. तो तयार करणाऱ्या पेशी साधारण चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागतात, पण पुरेसा साठा बहुतेक बाळांत पस्तिसाव्या आठवड्याच्या आसपास होतो. हा थर नसेल, तर प्रत्येक उच्छ्वासानंतर वायुकोश मिटतात आणि पुढच्या श्वासाला ते पुन्हा पहिल्यापासून उघडावे लागतात. नवा फुगा फुगवताना पहिल्या फुंकेला किती जोर लागतो ते आठवा. हे बाळ मिनिटाला साठ-सत्तर वेळा तीच पहिली फुंक मारत असते आणि शेवटी थकते.

तुम्ही ऐकलेले कण्हणे रडण्याचा प्रकार नव्हता. श्वास सोडताना बाळ स्वरयंत्र अर्धवट मिटून घेते, म्हणजे थोडी हवा आत दाबून राहते आणि वायुकोश पूर्ण मिटत नाहीत. कोणी न शिकवता त्याने स्वतःवर केलेला हा उपचार आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत जॉर्ज ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी अशा २० बाळांना सतत हलक्या दाबाची हवा दिली आणि त्यांपैकी १६ वाचली. आज आमच्याकडे नाकात नळ्या लावून, दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत पाच-सहा सेंटिमीटर बुडवून जो बुडबुड्यांचा सीपॅप (सतत दाबाची हवा) देतात, त्याचे मूळ तेथे आहे. बाटलीत बुडबुडे येत आहेत ना, हे तर बाळाची आजीसुद्धा पाहू शकते.

या आजाराला पूर्वी हायलाइन मेम्ब्रेन डिसीज म्हणत, कारण शवविच्छेदनात वायुकोशांच्या भिंतींवर काचेसारखा गुळगुळीत पापुद्रा दिसे. बरीच वर्षे सर्वांचे लक्ष त्या पापुद्र्यावरच होते, म्हणजे तेथे काय जास्त आहे यावर. १९५९ मध्ये बोस्टनमध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी अशा बाळांच्या फुप्फुसांतील द्रवाचा पृष्ठताण मोजला आणि तेथे काय नाही ते दाखवून दिले. पण कारण कळले म्हणजे औषध मिळाले असे झाले नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी, सुमारे २.१ किलो वजनाचा जन्मला आणि ३९ तासांत याच आजाराने गेला. आज नाशिकमध्ये तेवढ्या वजनाचे बाळ आले तर आम्ही सहसा फारसे घाबरत नाही.

साठच्या दशकात सर्फॅक्टंटमधील मुख्य स्निग्ध द्रव्य वाफाऱ्याने देण्याचे प्रयत्न झाले आणि ते फसले. ते द्रव्य एकटे असले की नीट पसरतच नाही. त्याला पसरवणारी प्रथिने सोबत लागतात. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून काढलेला अर्क १० बाळांच्या श्वासनलिकेत थेट सोडला, आणि तेव्हा ते जमले. तुमच्या भाचीच्या मुलाला दिलेले औषध त्याच वंशातले, गाईच्या किंवा डुकराच्या फुप्फुसापासून केलेले असणार.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगतो. या बाळांचे फुप्फुस आजारी नसते. ते केवळ वेळेआधी कामाला लावलेले असते. त्यात एकच वस्तू कमी असते आणि तीही दोन-तीन दिवसांत शरीर स्वतः बनवू लागते. आम्ही फक्त मधला वेळ निभावून नेतो.

ब्रह्मगिरी

मी भौतिकशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे, त्यामुळे फुग्याच्या दाखल्यात थोडी भर घालण्याचा मोह आवरत नाही. बुडबुड्याच्या आतील दाब पृष्ठताणाच्या सम प्रमाणात आणि त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे बुडबुडा जितका लहान तितका तो मिटवण्याचा जोर मोठा. सर्फॅक्टंटची खुबी अशी की वायुकोश आकसू लागला की त्याचे रेणू दाटीवाटीने जवळ येतात आणि पृष्ठताण जवळजवळ शून्यावर आणतात; त्यामुळे जेथे मिटण्याचा धोका जास्त तेथेच तो ताण कमी होतो. साबणाच्या पाण्याला हे जमत नाही. १९२९ मध्ये कुर्ट फॉन नेरगार्ड यांनी फुप्फुस हवेऐवजी द्रवाने भरून पाहिले आणि ते पुष्कळ कमी दाबाने फुगते असे दाखवले, म्हणजे फुप्फुसाचा ताठरपणा बऱ्याच अंशी त्या ओल्या पृष्ठभागाचा आहे हे तेव्हाच सिद्ध झाले होते. पुढे बरीच वर्षे त्या निष्कर्षाकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. वर्गात हा धडा शिकवताना मी नेहमी पावसाचा थेंब आणि पाण्यावर चालणारा किडा एवढ्यावरच थांबलो, याची आता चुटपुट लागते.

दक्षता

मी प्रौढांच्या अतिदक्षता विभागात आहे. ताई, त्या डॉक्टरांचे वाक्य खरे होते, पण त्यामागे पुष्कळ प्रयत्न आहेत आणि ते तुम्हाला सांगितले जायला हवे होते.

नावाचा गोंधळ आमच्याच लोकांनी घातला. १९६७ मध्ये डेन्व्हर येथील ॲशबॉ, बिगलो, पेटी आणि लेव्हिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये १२ रुग्णांची हकिगत छापली. कोणाला अपघात, कोणाला विषाणूजन्य न्यूमोनिया, कोणाला स्वादुपिंडाचा दाह, असे आजार वेगवेगळे होते. पण सर्वांचीच फुप्फुसे अचानक ताठर झाली आणि ऑक्सिजन वाढवूनही रक्तातील प्रमाण वर येईना. १२ पैकी ७ दगावले. शवविच्छेदनात तोच काचेसारखा पापुद्रा दिसला. बाळांच्या आजाराशी असलेले साम्य त्यांनी स्वतःच नोंदवले आणि सर्फॅक्टंटशी संबंध असावा असा तर्कही मांडला. पुढे याला 'प्रौढांचा श्वसनत्रास संलक्षण' म्हणू लागले. १९९४ मध्ये तज्ज्ञांच्या परिषदेने त्यातील 'प्रौढ' काढून 'तीव्र' हा शब्द घातला, कारण तो मुलांनाही होतो. इंग्रजीत दोन्ही शब्दांचे आद्याक्षर एकच असल्याने कागदावरचे लघुरूप मात्र बदलले नाही.

आता औषधाविषयी. १९९० मध्ये अमेरिकेत बाळांसाठी कृत्रिम सर्फॅक्टंटला मान्यता मिळाल्यावर लगेच मोठ्यांकडे मोर्चा वळला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जंतुसंसर्गातून एआरडीएस झालेल्या ७२५ रुग्णांना ते वाफाऱ्याने दिले गेले. मृत्यूंच्या प्रमाणात काडीचा फरक पडला नाही. त्यावर अशी शंका घेतली गेली की वाफाऱ्याने फारच थोडे औषध आत पोहोचते आणि त्यात आवश्यक प्रथिनेही नव्हती. म्हणून २००४ मध्ये प्रथिनयुक्त सर्फॅक्टंट थेट श्वासनलिकेत सोडून ४४८ रुग्णांवर पाहिले. या वेळी पहिल्या दिवशी ऑक्सिजनचे प्रमाण सुधारले, नातेवाइकांना आशा वाटावी इतके सुधारले, आणि तरीही जगणाऱ्यांची संख्या वाढली नाही. अतिदक्षतेच्या संशोधनात हा चकवा वारंवार भेटतो: मॉनिटरवरचा आकडा वर जातो आणि माणूस मात्र हाती लागत नाही. मुलांमध्ये २००५ च्या एका चाचणीने फायदा दाखवला होता. २०१३ च्या पुढील चाचणीत तो टिकला नाही.

असे का होते याचे उत्तर वायुकोश यांच्या शेवटच्या परिच्छेदात अर्धे आले आहे. बाळाच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट बनलेलेच नसते. मोठ्यांच्या फुप्फुसात ते बनलेले असते आणि नासवले जाते. न्यूमोनिया, रक्तातील जंतुसंसर्ग किंवा पोटातील आम्ल फुप्फुसात उतरणे अशा कारणाने वायुकोश आणि केशवाहिन्या यांमधील पडदा फाटतो, रक्तातील प्रथिनयुक्त पाणी आत झिरपते, आणि ती प्रथिने सर्फॅक्टंटला निकामी करतात. वरून ओतलेल्या नव्या औषधाचीही तीच गत होते. विहिरीला पाणी नसेल तर टँकर रिकामा करून भागते. पण कडेने गटार फुटून आत येत असेल, तर आधी गटार बुजवावे लागते. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू, स्क्रब टायफस, लेप्टोस्पायरोसिस यांनीही हा पडदा फाटतो, आणि द्राक्षपट्ट्यात कीटकनाशकाच्या विषबाधेनंतर उलटी फुप्फुसात गेलेले रुग्णही याच वाटेने आमच्याकडे येतात. गटारे निरनिराळी असतात, पण क्ष-किरण चित्र मात्र एकसारखेच पांढरे दिसते.

किमतीचा मुद्दा तुम्ही विचारला म्हणून हिशेब मांडतो. बाळांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रकाराची मात्रा किलोमागे २०० मिलिग्रॅम असते, म्हणजे १४०० ग्रॅमच्या बाळाला २८० मिलिग्रॅम, द्रवाच्या रूपात साडेतीन मिलिलिटर. त्याच हिशेबाने ६० किलोच्या माणसाला १२ ग्रॅम, म्हणजे १५० मिलिलिटर द्रव आधीच पाण्याने भरलेल्या फुप्फुसात ओतावा लागेल. खर्च डोळे पांढरे करणारा आहेच, पण अडचण खर्चाची असती तर श्रीमंत देशांनी तो केव्हाच केला असता.

आता जे उपयोगी पडले त्याविषयी लिहितो, कारण त्यातही बाळाचा संबंध येतो. १९८० च्या दशकात इटलीच्या लुचानो गॅटिनोनी यांनी अशा रुग्णांची सीटी स्कॅन चित्रे पाहिली, तेव्हा असे आढळले की फुप्फुस सर्वत्र सारखे बिघडलेले नसते. मागचा, पाठीकडचा भाग दबून घट्ट झालेला असतो आणि हवा घेणारा भाग पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसाएवढाच उरलेला असतो. त्यांनी त्याला 'बाळफुप्फुस' असेच नाव दिले. मग व्हेंटिलेटरने मोठ्या माणसाला साजेसा श्वास त्या इवल्या भागात कोंबणे म्हणजे उरलेसुरले फाडणे झाले. २००० मध्ये अमेरिकेतील ८६१ रुग्णांच्या चाचणीत किलोमागे १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटर श्वास दिला, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. येथील किलो काट्यावरचे नसतात, उंचीवरून काढलेले असतात. पोट सुटले म्हणून फुप्फुसे वाढत नाहीत. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाला या हिशेबाने एका श्वासाला सुमारे ३७० मिलिलिटर मिळतात, आणि पूर्वी सुमारे ७४० देत असत. त्या काळी आम्हाला चांगले वाटावे असे रक्ताचे अहवाल ७४० मध्येच येत. २०१३ च्या फ्रान्समधील चाचणीत अत्यवस्थ रुग्णांना दिवसातून किमान १६ तास पालथे झोपवले; २८ दिवसांतील मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. या दोन्ही उपायांत नवे औषध असे काहीच नाही.

तुमच्या सासऱ्यांना सर्फॅक्टंट न मिळाल्यामुळे काही हुकले, असे कृपया मनात ठेवू नका. त्यांच्याबाबतीत आणखी काय करता आले असते, हे कागद न पाहता मी सांगू शकत नाही आणि सांगू नये.

घाटवाट

मी परिचारिका आहे. नोकरीची बरीच वर्षे सुरगाणा आणि पेठ भागात गेली, आता नाशिक शहरात आहे. वरील दोघांनी पेटीच्या आणि व्हेंटिलेटरच्या बाजूने लिहिले. मला आईच्या बाजूने लिहायचे आहे, कारण या आजारावरचे सर्वांत स्वस्त औषध बाळाला नव्हे, आईला द्यायचे असते.

न्यूझीलंडचे ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर प्रसूती कशी सुरू होते याचा अभ्यास करत होते. स्टेरॉइड दिलेल्या मेंढीची कोकरे इतक्या लवकर जन्मली की ती श्वास घेणे अपेक्षितच नव्हते, पण ती श्वास घेत होती. लिगिन्स आणि रॉस होवी यांनी १९७२ मध्ये २८२ मातांवरील चाचणी प्रसिद्ध केली: आईला स्टेरॉइड दिलेल्या बाळांत हा आजार ९ टक्के, न दिलेल्यांत २५.८ टक्के. एवढे असूनही अमेरिकेत त्याची सर्रास शिफारस व्हायला १९९४ उजाडले, आणि या बावीस वर्षांत किती बाळे गेली याचा विचार मी करत नाही.

आपल्या सरकारने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत चोविसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यांत कळा आलेल्या आईला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ६ मिलिग्रॅम, बारा तासांच्या अंतराने चार वेळा द्यावे असे सांगितले, आणि पहिली मात्रा उपकेंद्रातील एएनएम (परिचारिका) ताईंनी देऊन मग आईला पुढे पाठवावे अशी मुभा दिली. घाट उतरून शहरात पोहोचेपर्यंतचे तास त्यामुळे वाया जात नाहीत.

पण येथे एक खाचखळगा आहे. सहा देशांत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात आपल्या नागपूरचा आणि बेळगावचा परिसरही होता, हे औषध गावपातळीवर सरसकट वाढवले तेव्हा एकूण नवजात मृत्यू कमी न होता थोडे वाढलेच, आणि मातांमधील संसर्गाचीही शंका आली. दिवस नीट मोजलेले नसल्याने ज्यांना गरज नव्हती अशा पुष्कळ मातांना ते मिळाले होते. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत, दिवस सोनोग्राफीने नक्की केलेल्या आणि बाळाची काळजी घेण्याची सोय असलेल्या रुग्णालयांत २८५२ मातांवर चाचणी घेतली. २०२० मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांत नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध दोन्हीकडे एकच होते. फरक पडला तो दिवसांच्या मोजणीने आणि पुढच्या सोयीने.

गोदाकाठ

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. दक्षता यांचा शेवटचा परिच्छेद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला.

दोन शंका उरल्या. सासऱ्यांच्या कागदांतही डेक्सामेथासोन लिहिलेले आहे, म्हणजे सर्फॅक्टंट चालत नाही पण हे दोन्हीकडे चालते, असे कसे? आणि भाचीला पुढेमागे दुसरे मूल व्हावे असे वाटते. तिने काय ध्यानात ठेवावे?

दक्षता

औषध एक असले तरी काम वेगळे आहे. गर्भात ते फुप्फुसाच्या पेशींची वाढ लवकर घडवून आणते आणि सर्फॅक्टंट लवकर बनवायला लावते. मोठ्यांमध्ये ते दाह आवरते, म्हणजे गटार बुजवण्याच्या कामाला हातभार लावते. १९६७ च्या त्या मूळ लेखातच स्टेरॉइडचा विषाणूजन्य न्यूमोनियात कदाचित उपयोग होईल असे एक दबक्या आवाजातले वाक्य आहे. त्यानंतर पन्नास वर्षे चाचण्या उलटसुलट आल्या, आणि २०२० मध्ये ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीत व्हेंटिलेटरवरील कोविड रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनमुळे ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले.

चाचण्या उलटसुलट येण्याचे एक कारण आता पुढे येत आहे. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कॅरोलिन कॅल्फी आणि सहकाऱ्यांनी जुन्या चाचण्यांतील रुग्णांची रक्ताची मोजमापे पुन्हा तपासली, तेव्हा एआरडीएसच्या नावाखाली निदान दोन गट दिसले: एकात दाह भडकलेला, दुसऱ्यात तुलनेने शांत. व्हेंटिलेटरच्या त्याच मांडणीचा परिणाम दोन गटांत वेगळा होता. सगळ्यांना एकाच रांगेत उभे करून औषध दिले, तर एका गटाचा फायदा दुसऱ्याच्या तोट्यात बुडून जातो. माझे मत असे की 'एआरडीएस' हे निदान नसून तापासारखे एक वर्णन आहे, आणि बाळांच्या डॉक्टरांचा हेवा वाटतो तो यासाठी की त्यांच्या आजाराला एक कारण आहे.

वायुकोश

हेवा अर्धाच करावा. पूर्ण दिवसांचे बाळ पोटातच शी होऊन ते पाणी फुप्फुसात ओढते किंवा त्याला जंतुसंसर्ग होतो, तेव्हा आमच्याकडेही सर्फॅक्टंट नासतेच. २०१७ पासून त्याला नवजातांचा एआरडीएस म्हणून वेगळी व्याख्या आहे, आणि तेथे आमचे पांढरे औषध एकतिसाव्या आठवड्यातल्या बाळासारखी जादू करत नाही.

घाटवाट

ताई, भाचीसाठी: आधीचे मूल अपुऱ्या दिवसांचे झालेले असले की पुढच्या खेपेलाही तशी शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून पाळी चुकल्याबरोबर नाव नोंदवावे आणि पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करून घ्यावी. उशिरा केलेल्या सोनोग्राफीत दिवसांचा अंदाज दोन-तीन आठवड्यांनी चुकू शकतो, आणि इंजेक्शन द्यायचे की नाही हे नेमके त्या दोन-तीन आठवड्यांवर ठरते. तो पहिला अहवाल आणि मागच्या बाळाचे डिस्चार्ज कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, माहेरी जाताना सुद्धा तिने जवळ ठेवावे. रात्री दोन वाजता आलेल्या बाईच्या हातात मला पहिल्यांदा तेच कागद हवे असतात.